सैनिकाची न दिसणारी जखम आणि मद्याची बेडी

(माजी सैनिकांच्या कुटुंबांच्या सभेत एका वकिलाने केलेले भाषण)



आजचा माझा विषय आपणांस प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. रणांगणावरून परतलेला सैनिक, त्याच्या मनावर झालेला घाव, त्या घावावर तो लावीत असलेला दारूचा लेप आणि अशा सैनिकाच्या मदतीसाठी अमेरिकेत व इंग्लंडात तयार करण्यात आलेली मोबाइलमधील अ‍ॅप्स, असा हा विषय आहे. परदेशांतील सैनिकांची ही कथा आपणांसमोर कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे उत्तर सरळ आहे. आपल्या समाजाचे सैन्याशी असलेले नाते जुने आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी हे सैन्यात सुभेदार होते. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली आणि तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या आपले तरुण गणवेष चढवीत आले आहेत. ज्या घराच्या भिंतीवर गणवेषातील छायाचित्र टांगलेले आहे, त्या घराला हा विषय परका नाही.

या विषयाचा विचार मी तीन प्रश्नांच्या आधारे करणार आहे. अशा सैनिकाचे मद्यपान हा त्याचा दोष समजावा की त्याच्या जखमेचा परिणाम समजावा? परदेशांत निघालेली ही अ‍ॅप्स काय करू शकतात आणि काय करू शकत नाहीत? आणि आपल्या देशाच्या कायद्याने अशा माणसाला व त्याच्या कुटुंबाला कोणते हक्क दिले आहेत?

जखम ओळखण्यास लागलेला काळ

पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखाली महिनोन्‌महिने खंदकांत राहिलेले सैनिक थरथरू लागत, मुके होत, झोपेतून किंचाळत उठत. चार्ल्स मायर्स या इंग्रज डॉक्टराने १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या अवस्थेचे वर्णन ‘शेल शॉक’ या नावाने केले. डॉक्टरांनी नाव दिले तरी सैनिकी न्यायालयांनी ते पुष्कळदा मानले नाही. पळून जाणे, भित्रेपणा इत्यादी आरोपांवरून त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने स्वतःच्याच सैनिकांना गोळ्या घालून ठार केले. त्यांपैकी ३०६ जणांना २००६ सालच्या सशस्त्र सेना कायद्याने मरणोत्तर क्षमा देण्यात आली. म्हणजे ज्याला भित्रा म्हणून मारले, तो कदाचित आजारी असेल, हे कायद्याच्या तोंडून वदवून घेण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली.

व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या अमेरिकन सैनिकांच्या चळवळीनंतर १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने या अवस्थेला आपल्या रोगसूचीत स्थान दिले. तिचे इंग्रजी नाव संक्षेपाने ‘पी.टी.एस.डी.’ असे घेतले जाते. आपण तिला आघातोत्तर मनोविकार म्हणू. तिची लक्षणे आपणांपैकी काहींनी आपल्या घरांत पाहिली असतील. घडून गेलेला प्रसंग आताच घडत आहे असा भास होणे, रात्री दुःस्वप्ने पडणे, गर्दी व मोठा आवाज टाळणे, पाठ भिंतीला लावून बसणे, क्षुल्लक कारणावरून संतापणे आणि ज्यांच्यावर प्रेम आहे त्यांच्याविषयीही मन कोरडे पडणे, ही ती लक्षणे होत. दिवाळीच्या फटाक्यांना दचकून घराबाहेर पडणारा माजी सैनिक विक्षिप्त असतो असे नव्हे. त्याचे शरीर अजून पहाऱ्यावर उभे असते.

आता या जखमेशी मद्याचा संबंध कसा जडतो ते पाहू. दोन पेले घेतले की आठवणींची धार बोथट होते आणि झोप लवकर लागते. म्हणून मनुष्य त्याला औषध समजतो. परंतु मद्याने आलेली झोप ही खरी विश्रांती नव्हे. रात्रीच्या उत्तरार्धात ती मोडते, दुःस्वप्ने परत येतात, सकाळी अस्वस्थता वाढलेली असते आणि संध्याकाळी तेच औषध अधिक मात्रेत घ्यावेसे वाटते. अशा रीतीने जखम मद्याला बोलावते आणि मद्य जखमेला उघडी ठेवते. यांपैकी एकावरच इलाज केला आणि दुसरे तसेच ठेवले, तर पहिला इलाजही टिकत नाही.

कायद्याने वापरलेले शब्द

मी वकील असल्यामुळे एखाद्या समाजाचे मन जाणावयाचे असेल तर त्याच्या कायद्यातील शब्द वाचतो. अमेरिकेच्या कायद्यात माजी सैनिकाच्या मद्यपानाला ‘स्वेच्छेने केलेले गैरवर्तन’ असा शब्द होता. मद्याच्या व्यसनातून सावरलेल्या दोन माजी सैनिकांनी, आजारपणामुळे शिक्षणाच्या सवलतीची मुदत हुकली म्हणून ती वाढवून मागितली. १९८८ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी ती मागणी फेटाळली. त्यांच्या मद्यपानाच्या मुळाशी दुसरा मनोविकार नसल्याने ते स्वेच्छेचे गैरवर्तन समजण्यास सरकार मुखत्यार आहे, असा त्या निकालाचा आशय होता. मात्र त्याच वर्षी तेथील संसदेने कायदा दुरुस्त करून शिक्षणाच्या त्या सवलतीपुरता हा कलंक काढून टाकला.

पुढे १९९० साली, केवळ मद्यपानामुळे आलेल्या अपंगत्वास भरपाई नाही, असा नियम तेथे झाला. परंतु २००१ साली फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने त्या नियमाचा अर्थ लावताना एक महत्त्वाचा भेद केला. सैनिकी सेवेत जडलेल्या आघातोत्तर मनोविकारामुळे जर मद्याचे व्यसन लागले असेल, आणि तसा स्पष्ट वैद्यकीय पुरावा असेल, तर त्या व्यसनातून आलेल्या अपंगत्वासही भरपाई मिळू शकते, असे त्या न्यायालयाने ठरविले. या एका निकालात माझ्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. व्यसन कोठून आले हे विचारल्याशिवाय मनुष्यास दोषी ठरवू नये, हा न्यायाचा प्राथमिक नियम आहे.

याच विषयाची आणखी एक बाजू आहे. मनाने जखमी झालेला सैनिक मद्य घेऊन कामावर येतो, वरिष्ठाशी भांडतो, गैरहजर राहतो आणि शेवटी वाईट शेऱ्यासह सेवेतून काढला जातो. अमेरिकेत असा शेरा बसला की माजी सैनिकांच्या उपचारांचे व सवलतींचे दरवाजे पुष्कळदा बंद होतात. ज्या जखमेमुळे शेरा बसला, त्याच जखमेवर उपचार नाकारण्यास तो शेरा कारण होतो. या अन्यायाविरुद्ध तेथील माजी सैनिक व त्यांचे वकील वर्षानुवर्षे झगडले. त्याचा परिणाम म्हणून २०१४ साली संरक्षणमंत्र्यांनी व २०१७ साली संरक्षण खात्याने, असे शेरे बदलून मागणाऱ्या अर्जांत मनोविकाराचा उदारपणे विचार व्हावा, असे आदेश दिले. २०१८ साली अशा पुष्कळ सैनिकांसाठी मानसिक उपचारांचा मार्ग कायद्याने खुला करण्यात आला. हे सारे विनवण्यांनी घडले नाही. हक्क मागितला गेला म्हणून घडले.

खिशातील मदतनीस

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे मोबाइलमधील अ‍ॅपचे खरे महत्त्व कळून येते. दवाखान्यात जावयाचे म्हटले की सैनिकापुढे दोन भिंती उभ्या राहतात. पहिली लज्जेची: मी, ज्याने शत्रूला तोंड दिले, तो रांगेत बसून माझी झोप उडाली आहे असे सांगू? दुसरी भीतीची: हे कागदावर आले तर माझ्या नोकरीचे, बंदुकीच्या परवान्याचे, निवृत्तिवेतनाचे काय होईल? या दोन भिंतींना वळसा घालून माणसापर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग म्हणजे हातातील फोन होय.

अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याच्या राष्ट्रीय केंद्राने संरक्षण खात्याच्या सहकार्याने २०११ साली ‘पी.टी.एस.डी. कोच’ नावाचे अ‍ॅप काढले. ते विनामूल्य आहे. त्यात आपली लक्षणे प्रश्नावलीवरून स्वतः तपासता येतात. श्वास संथ करण्याचे, भासांतून वर्तमानात परत येण्याचे आणि झोपेसाठी मन शांत करण्याचे व्यायाम त्यात आहेत. आपल्या विश्वासातील माणसांचे क्रमांक त्यात नोंदवून ठेवता येतात आणि संकटकाळी कोणास फोन करावा तेही त्यात दिलेले आहे.

याच केंद्राचे दुसरे अ‍ॅप ‘व्हेटचेंज’ हे खास मद्यपानासाठी आहे. बोस्टन येथील संशोधकांनी प्रथम ते संगणकावरील अभ्यासक्रमाच्या रूपाने तयार केले होते. त्याची परीक्षा इराक व अफगाणिस्तानातील युद्धांवरून परतलेल्या ६०० सैनिकांवर घेण्यात आली आणि तिचा अहवाल २०१३ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना तो अभ्यासक्रम लगेच मिळाला त्यांचे मद्यपान, वाट पाहावयास लावलेल्यांच्या मानाने, अधिक कमी झाले आणि आघाताची लक्षणेही अधिक घटली. या अ‍ॅपची पद्धत साधी आहे. मनुष्य रोज किती प्यालो ते लिहितो. त्याबरोबर कोणत्या वेळी, कोणाच्या संगतीत, कोणत्या मनःस्थितीत प्यालो हेही लिहितो. काही दिवसांनी त्याला स्वतःच दिसू लागते की, आपण तहानेपोटी पीत नसून दुःस्वप्नाच्या भीतीपोटी, किंवा घरात भांडण झाल्यानंतरच्या संतापापोटी पितो. मग कमी करावयाचे की सोडावयाचे याचा निश्चय तो स्वतः करतो. दारूची ओढ लाटेसारखी चढते आणि उतरते, तेव्हा लाट उतरेपर्यंत काय करावे, हेही त्याला शिकविले जाते.

इंग्लंडात लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी ‘ड्रिंक्स रॅशन’ नावाचे अ‍ॅप तयार केले. १९१९ पासून मनाने घायाळ झालेल्या सैनिकांची सेवा करणारी ‘कॉम्बॅट स्ट्रेस’ ही संस्था त्या कामात सहभागी होती. मानसिक त्रासासाठी मदत मागितलेले आणि प्रमाणाबाहेर मद्य घेणारे १२३ माजी सैनिक त्या परीक्षेसाठी निवडण्यात आले. निम्म्यांना २८ दिवसांसाठी पूर्ण अ‍ॅप देण्यात आले. त्यात रोजनिशी, स्वतः ठरविलेले उद्दिष्ट, इतर माजी सैनिकांच्या पिण्याशी तुलना आणि त्या त्या माणसाला उद्देशून पाठविलेले संदेश होते. उरलेल्यांना मद्याविषयी केवळ माहिती देण्यात आली. ८४ दिवसांनी पाहता पूर्ण अ‍ॅप वापरणाऱ्यांचे पिणे आठवड्यास सरासरी सुमारे २८ युनिटांनी कमी झाले होते, तर दुसऱ्या गटाचे सुमारे १० युनिटांनी. हा अहवाल २०२२ साली प्रसिद्ध झाला.

युनिट म्हणजे काय, असे आपण विचाराल. इंग्लंडात दहा मिलिलिटर शुद्ध अल्कोहोलला एक युनिट म्हणतात. आपल्याकडचा साठ मिलिलिटरचा व्हिस्कीचा वा रमचा पेग म्हणजे साधारण अडीच युनिटे. आठवड्यास १४ युनिटांहून अधिक घेऊ नये असा तेथील सरकारी डॉक्टरांचा सल्ला आहे. आपल्या भाषेत सांगावयाचे तर आठवड्यास पाच-सहा पेग. रोज संध्याकाळी ‘दोनच पेग’ घेणारा मनुष्य आठवड्यात ३५ युनिटांपर्यंत जातो, हा हिशेब आपण घरी जाऊन अवश्य करावा.

या अ‍ॅप्सचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण निराळाच आहे. अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याची वर सांगितलेली दोन्ही अ‍ॅप्स वापरण्यास खाते उघडावे लागत नाही. ती सेवामुक्तीचा कागद मागत नाहीत, शेरा विचारीत नाहीत. ज्याला दवाखान्याने दारातून परत पाठविले, तोही मध्यरात्री दोन वाजता ती उघडू शकतो. ज्या समाजाला शतकानुशतके दारातच ‘तू कोण?’ असे विचारले गेले, त्या समाजाला न विचारता उघडणाऱ्या दाराची किंमत समजावून सांगावी लागणार नाही.

मर्यादा आणि धोके

परंतु दार म्हणजे घर नव्हे. १२३ माणसांची परीक्षा ही लहान परीक्षा आहे. अशा अभ्यासक्रमांतून पुष्कळजण मध्येच बाहेर पडतात. ज्याच्याकडे चांगला फोन नाही, ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी हे साधन निरुपयोगी आहे. शिवाय इंग्रजीत, दुसऱ्या देशाच्या सैनिकासाठी लिहिलेला संदेश आपल्या सुभेदाराच्या काळजाला भिडेलच असे नाही.

एक धोका तर जिवावरचा आहे आणि तो प्रत्येक घराने लक्षात ठेवावा. जो मनुष्य वर्षानुवर्षे रोज पुष्कळ मद्य घेतो, त्याने ते एका दिवसात स्वतःच बंद करू नये. अशा वेळी हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार घडतात आणि प्रसंगी मृत्यूही ओढवतो. घरच्यांनी बाटली फोडून टाकणे हा पराक्रम नव्हे. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. हे काम फोन करू शकत नाही.

दुसरा धोका गुप्ततेचा आहे. मनुष्य आपली जी दुर्बलता बायकोलाही सांगत नाही, ती तो या यंत्राला सांगतो. ते यंत्र कोणाच्या मालकीचे आहे आणि ते ही गोष्ट पुढे कोणाला सांगते, हा कायद्याचा प्रश्न आहे. अमेरिकेत माजी सैनिक खात्याकडील मद्यविषयक उपचारांच्या नोंदींना कायद्याने विशेष संरक्षण दिले आहे. परंतु खासगी कंपन्यांची गोष्ट निराळी. २०२४ साली तेथील व्यापार आयोगाने, मद्यमुक्तीची सेवा फोनवरून व संगणकावरून देणाऱ्या ‘मॉन्युमेंट’ नावाच्या कंपनीवर कारवाई केली. गुप्ततेचे आश्वासन देऊन घेतलेली ८४,००० पर्यंत ग्राहकांची माहिती त्या कंपनीने जाहिरातींसाठी फेसबुक, गूगल यांसारख्या कंपन्यांना पुरविली, असा तो आरोप होता. अशी माहिती जाहिरातींसाठी देण्यास कंपनीला मनाई करण्यात आली. मद्य सोडू पाहणाऱ्याची ओळख बाजारात फिरावी, यासारखा विश्वासघात नाही.

म्हणून आपल्या मुलाने वडिलांच्या फोनमध्ये असे कोणतेही अ‍ॅप घालण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. ते कोणी काढले आहे? ते नाव, क्रमांक वा फोनमधील नावांची यादी मागते काय? आणि लिहिलेली नोंद फोनमध्येच राहते की बाहेर जाते? फोनला कुलूप असावे, आणि ते कुलूप घरच्यांनीही त्याच्या परवानगीवाचून उघडू नये. ज्याची रोजनिशी चोरून वाचली जाते, तो दुसऱ्या दिवसापासून खरे लिहीत नाही.

आपला कायदा आणि आपले हक्क

आता आपल्या देशाकडे वळू. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमात मानसिक आजाराची जी व्याख्या आहे, तिच्यात मद्य व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्थांचा स्पष्ट समावेश आहे. हे वाक्य आपण नीट ध्यानात घ्यावे. त्याच अधिनियमाच्या कलम १८ ने प्रत्येक व्यक्तीस सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. कलमे २३ व २४ यांनी त्या उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे आणि संगणकात साठविलेल्या माहितीसही ते संरक्षण लागू केले आहे. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे, विरुद्ध सिद्ध न झाल्यास, गृहीत धरावयाचे आहे. तिची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे व्यसनी मनुष्य उपचार मागतो तेव्हा तो दान मागत नाही. तो कायद्याने दिलेली वस्तू मागतो.

सेवाही काही प्रमाणात उपलब्ध झाल्या आहेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने ‘टेली मानस’ ही दूरध्वनीवरील मानसिक आरोग्य सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ असा आहे आणि मराठीतूनही तेथे बोलता येते. १ डिसेंबर २०२३ रोजी सैन्यदलांसाठी तिचा खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. २०२४ साली टेली मानसचे मोबाइल अ‍ॅपही निघाले. माजी सैनिकांसाठी २००३ पासून अंशदायी आरोग्य योजना आहे. परंतु मराठीतून बोलणारे, आपल्या सैनिकाच्या मद्यपानाचा व आघाताचा एकत्र विचार करणारे आणि परीक्षेस उतरलेले अ‍ॅप आपल्याकडे हवे, ही मागणी आपण संघटितपणे केली पाहिजे. ज्या सैनिकास कॅन्टीनमधून ठराविक कोट्याने सवलतीच्या दरात मद्य मिळते, त्यास त्याच सहजतेने उपचारही मिळावेत, ही मागणी अवास्तव नाही. मद्यनिषेधाच्या दिशेने प्रयत्न करण्याचे कर्तव्य तर संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदाने राज्यावर सोपविलेले आहे.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत मात्र सावध राहावे. मद्य व तंबाखू यांच्या अतिरेकाने आलेल्या अपंगत्वास भरपाई नाही, कारण ती गोष्ट माणसाच्या स्वतःच्या ताब्यातील आहे, असे तत्त्व आपल्या सैनिकी नियमांत दीर्घकाळ राहिले आहे. म्हणून मद्यपानाच्या आधी असलेला मानसिक आघात कागदावर आणणे अगत्याचे ठरते. २०१३ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या नियमांचा अर्थ लावताना असे म्हटले की, भरतीच्या वेळी ज्या रोगाची नोंद नाही, तो सेवेत जडला असे सामान्यतः गृहीत धरावे आणि विरुद्ध सिद्ध करण्याचा भार सरकारवर राहील. पुढे २०२३ साली नवे नियम आले आहेत. तेव्हा प्रत्येकाने आपल्या प्रकरणास कोणते नियम लागू होतात ते वकिलाकडून तपासून घ्यावे. रुग्णालयाचा प्रत्येक कागद, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सेवापुस्तकातील नोंदी जपून ठेवाव्यात. दाद मागण्यासाठी २००७ सालच्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईत बसते. वकिलाच्या फीची चिंता करून घरी बसू नये. १९८७ सालच्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाप्रमाणे स्त्रिया व अनुसूचित जातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. १९९० सालच्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांनाही त्या वर्गात स्थान मिळाले आहे. २०२५ साली सैनिकांच्या कुटुंबांसाठी या मदतीची एक खास योजनाही जाहीर झाली आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात तिची चौकशी करावी.

गुप्ततेविषयी सांगावयाचे तर, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने जाहीर केले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध होऊन टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. हे शस्त्र आपल्या हाती येत आहे. ते वापरण्यास शिकले पाहिजे.

घरातील माणसांचे कर्तव्य

माता-भगिनींनो, शेवटी आपणांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. कारण या रोगाचा भार सर्वांत अधिक आपण वाहता. व्यसन हा जखमेचा परिणाम असू शकतो असे मी म्हटले. याचा अर्थ त्याने हात उगारावा आणि आपण सोसावे, असा मुळीच नाही. जखम हे कारण होऊ शकते, परवाना होऊ शकत नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ सालचा कायदा सैनिकाच्या पत्नीलाही तितकाच लागू आहे. आपले व मुलांचे संरक्षण करून मग त्याच्या उपचारांचा विचार करावा. हा क्रम उलटा करू नये.

आपण पंचशीलाचा स्वीकार केला आहे आणि पाचवे शील मद्यापासून दूर राहण्याचे आहे. काही घरांत या शीलाचा उपयोग पिणाऱ्याला हिणविण्यासाठी केला जातो. तो समारंभाला नको, वंदनेला नको, पंगतीला नको, असे म्हटले जाते. शील हा मनुष्याने स्वतः घेतलेला अभ्यासाचा नियम आहे. दुसऱ्याच्या पाठीवर मारावयाची ती काठी नव्हे. बहिष्काराचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी आपल्याच घरात नवा बहिष्कृत निर्माण करू नये. जो आज चार पेगांवरून तीनांवर आला, त्याने रोजनिशीत एक ओळ कमी लिहिली, त्यालाही विहारात जागा असली पाहिजे. विहाराने तर याहून पुढे जावे. आठवड्यातून एक संध्याकाळ माजी सैनिकांच्या बैठकीसाठी द्यावी. सुशिक्षित तरुणांनी तेथे १४४१६ हा क्रमांक लावून द्यावा, कागद लिहून द्यावेत, आणि ऐकलेले बाहेर बोलू नये.

बंधूंनो, दूरच्या देशांनी आपल्या सैनिकांच्या हाती एक यंत्र दिले, ते चांगले केले. परंतु त्या यंत्रामागे खाते आहे, संशोधक आहेत, कायदा आहे आणि हक्कासाठी झगडलेले माजी सैनिक आहेत. आपण केवळ यंत्र आणले आणि त्यामागची माणसे उभी केली नाहीत, तर मध्यरात्री फोन उघडणाऱ्या आपल्या जवानास पलीकडे कोणी भेटणार नाही. ती माणसे सरकारने द्यावीत म्हणून आपण झगडावे, आणि ती येईपर्यंत आपणच ती माणसे व्हावे, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.

 जय भीम.